डिझेल इंजिनचं झिजलेलं हँडल नीट कसं करायचं (पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी)

हे लिहितोय ते हाताने हँडल मारून चालू करायच्या एक सिलिंडरच्या डिझेल इंजिनाबद्दल, मग ते पंपाला जोडलेलं असो, जनरेटरला असो की अजून कशाला. इंजिन चांगलं असतं, डिझेल स्वच्छ असतं, नोझल नीट फवारा मारतं, तरी इंजिन चालू होत नाही कारण ऐन जोर लावायच्या वेळी हँडल सटकतं. मग कोणीतरी म्हणतं अरे खाचेत थोडं वेल्डिंग मारून घे, होईल. होतं पण. सटकायचं थांबतं. आणि मग एक दिवस इंजिन चालू होतं पण हँडल सुटतच नाही, इंजिनासोबत गरगर फिरायला लागतं, तेव्हा कळतं की दुरुस्ती अर्धीच झाली होती.

म्हणून आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. हँडलला कामं दोन आहेत. पकडायचं आणि सोडायचं. इंजिन फिरवताना पक्कं पकडायचं आणि इंजिनाने स्वतःहून वेग घेतला की त्याच क्षणी सोडायचं. झिजेमुळे आपल्याला त्रास पकडीचा होतो म्हणून सगळे पकडच दुरुस्त करतात, पण माझ्या मते सोडणं हे जास्त महत्त्वाचं काम आहे. न पकडणारं हँडल तुमचा दिवस वाया घालवेल, न सोडणारं हँडल हात मोडेल किंवा त्याहून वाईट काहीतरी करेल.

हे उगाच घाबरवायला सांगत नाहीये, साधा हिशोब बघा. हँडलची भुजा समजा ३०० मिलिमीटर आहे, इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेतंय म्हणजे सेकंदाला २५. मूठ एका फेऱ्यात साधारण १.९ मीटर जाते, म्हणजे सेकंदाला ४७ मीटर. ताशी जवळजवळ १७० किलोमीटर. दीड-दोन किलोचा लोखंडी दांडा त्या वेगाने फिरतोय आणि तो शाफ्टवर नुसता अडकलेला आहे, बोल्ट वगैरे काही नाही. काही इंजिनात हँडल कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टच्या) टोकावर बसतं, तिथे वेग निम्मा असतो, पण निम्मा म्हणजे सुद्धा ताशी ८५ किलोमीटर झाला.

आता हँडल काम कसं करतं ते बघू, कारण हे कळलं की पुढची अर्धी दुरुस्ती आपोआप कळते. इंजिनाच्या शाफ्टच्या टोकाला एक आडवी पिन असते जी दोन्ही बाजूंना थोडी बाहेर आलेली असते. हँडलच्या नळीसारख्या तोंडावर समोरासमोर दोन खाचा असतात. हँडल शाफ्टवर सरकवलं की पिनेची दोन टोकं त्या दोन खाचांत बसतात. (काही इंजिनांत उलटं असतं, खाच शाफ्टवर आणि पिन हँडलच्या आत, पण तत्त्व तेच.) नीट बघा, खाच दोन्ही बाजूंनी सारखी नसते. एक बाजू उभी भिंत असते आणि दुसरी बाजू लांब उतार असतो. आपण फिरवतो तेव्हा उभी भिंत पिनेला ढकलते. इंजिन पेटलं की पिन हँडलपेक्षा जोरात पळते, म्हणजे भिंतीपासून सुटते आणि समोरच्या उतारावर चढते, चढता चढता अख्खं हँडल बाहेर ढकलून देते. हा उतार म्हणजेच हँडलची सगळी सेफ्टी. दुसरी काही नाही.

झीज कुठे होते? एक तर उभी भिंत गोल होते. तिचा काटकोन जाऊन तिथे दुसरा उतारच तयार होतो आणि जोर लावला की पिन त्याच्यावरून चढून हँडल बाहेर पडतं, बोटं जाऊन आपटतात. दुसरं म्हणजे नळीचं छिद्र तोंडाशी मोठं होतं, कर्ण्यासारखं, मग हँडल शाफ्टवर तिरकं बसतं. तिसरं पिन स्वतः झिजते, मधून जाड आणि टोकांना बारीक. चौथं मूठ. आणि पाचवं, जे कोणी बघत नाही, उताराच्या कडेवर लोखंड दबून दबून बुरी येते, म्हणजे ओठासारखी वळलेली कड, आणि तीच पिनेला अडकवते.

किती जोर येतो याचाही अंदाज घ्या. मुठीवर २० किलोचा जोर आणि भुजा ३० सेंटिमीटर, पिन ज्या ठिकाणी टेकते ते शाफ्टच्या मध्यापासून फक्त १.२ सेंटिमीटर. म्हणजे तिथे जोर झाला २५ पट, ५०० किलो. दोन्ही खाचा सारख्या टेकत असतील तर प्रत्येकीवर २५० किलो. एकच टेकत असेल तर तिच्या एकटीवर ५०० आणि वर हँडल तिरकं ओढलं जाणार. म्हणून एकच खाच भरून आणलेलं हँडल महिनाभरात पुन्हा तसंच होतं.

सुरुवात करण्याआधी इंजिन बंद आणि थंड, डिझेलचा कॉक बंद, स्टॉप लिव्हर (इंजिन बंद करायचा) बंदच्या जागेवर, डिकॉम्प्रेशन लिव्हर (तो उचलला की सिलिंडरमध्ये दाब धरत नाही) उचललेला. गरम इंजिन नुसतं हलवलं तरी कधीकधी पेटतं. हँडल काढून टेबलावर आणा, जे काय करायचं ते हँडल इंजिनावरून काढूनच. इंजिनावर बसवलेल्या हँडलला वेल्डिंग करू नका, घाई असली तरी नाही, कारण वेल्डिंगचा करंट बेअरिंगमधून अर्थला जातो, बेअरिंगवर ठिणग्या पडून बारीक खड्डे पडतात आणि महिन्याभराने इंजिन आवाज करायला लागलं की कोणाच्या लक्षातही येत नाही हे कशामुळे झालं.

पहिलं काम साफसफाई आणि तपासणी, आणि इथे वेळ द्या. रॉकेल किंवा डिझेलमध्ये हँडल धुवा, वायर ब्रशने खाचा, नळीचं आतलं छिद्र, भुजेचे दोन्ही सांधे चकचकीत करा. मग तडे शोधा. साधी पद्धत आहे, रॉकेल लावून दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवा, मग कोरड्या फडक्याने अगदी कोरडं पुसा आणि वरून खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्या खडूवर केसासारखी काळपट ओली रेघ उमटते. मी दरवेळी तीन जागा बघतो, भुजा जिथे नळीला जोडलेली आहे तो सांधा, मुठीचा दांडा जिथे भुजेला लागतो तो सांधा आणि खाचेचा आतला कोपरा. पहिल्यांदा ही रेघ उमटताना बघाल तेव्हा खरंच वाटेल की एवढे दिवस आपण हे हातात धरून जोर लावत होतो.

आता ठरवा की दुरुस्त करायचं की नवीन घ्यायचं. हँडल बिडाचं असेल तर झिजलेल्या खाचेला वेल्डिंग करत बसू नका, नवीन आणा. ओळखायचं कसं, तर कोपऱ्यात ग्राइंडर टेकवून ठिणग्या बघा. पोलादाच्या ठिणग्या लांब आणि पिवळ्या-पांढऱ्या, बिडाच्या आखूड, लालसर आणि मंद. भुजेच्या सांध्यात तडा असेल, किंवा आधी कोणीतरी दोन-तीनदा वेल्डिंग करून गोळा केलेला असेल तरी सोडून द्या. भुजा वाकलेली असेल तर थोडा बाक चालतो पण मूठ शाफ्टला समांतर नसेल तर हात दर फेऱ्याला वाकडा ओढला जातो, ते चालत नाही. बाकी नुसती झीज असेल तर दुरुस्तीला हरकत नाही.

पुढचं पाऊल इंजिनाकडचं, म्हणजे शाफ्ट आणि पिन. लोक हँडल दुरुस्त करून आणतात आणि झिजलेल्या पिनेवर बसवतात, मग नवी खाच आठ दिवसांत त्या पिनेच्या आकाराची होते. व्हर्निअरने पिनेचं माप दोन ठिकाणी घ्या, शाफ्टला लागून (तिथे झीज नसते) आणि टोकाजवळ. अर्धा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर पिन बदला. पंचने ठोकून बाहेर काढायची, आधी बघून घ्या की ती एका बाजूला निमुळती आहे का, असेल तर बारीक बाजूने ठोकायची. नवीन पिन मूळ मापाचीच, ईएन ८ किंवा तशाच मध्यम कार्बनच्या बारमधून काढलेली. बोल्ट घालू नका! हे कळकळीने सांगतोय कारण फार ठिकाणी बघितलंय. बोल्टचे आटे खाचेला कानसीसारखे खातात आणि बोल्टचं डोकं किंवा नट उतारावर चढताना अडकतं. पिनेची दोन्ही टोकं गुळगुळीत, किंचित गोल, आणि दोन्ही बाजूंना सारखी बाहेर. शाफ्टमधलं छिद्रच अंडाकृती झालं असेल तर ते मोठं करून जाड पिन घालायचा मोह होतो, एखाद-अर्धा मिलिमीटर ठीक आहे पण त्याहून जास्त खोदलं तर शाफ्टच तिथे कमजोर होतो, तेव्हा ते काम लेथवाल्याला दाखवूनच.

शाफ्टवर गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने काढा, पट्टी शाफ्टभोवती गुंडाळून पुढे-मागे ओढायची. हँडल न सुटण्याचं सगळ्यात साधं कारण गंज आणि वाळलेलं ग्रीस हेच असतं, कित्येकदा एवढ्यावरच काम भागतं.

आता मुख्य काम, खाचा भरणं. पण रॉडला हात लावण्याआधी नकाशा काढा. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे कारण एकदा वेल्डिंगचा गोळा त्या खाचेत बसला की मूळ उतार कसा होता ते कोणालाच आठवत नाही. मी असं करतो, एक जाडसर कागदाची पट्टी घ्यायची, नळीच्या तोंडाभोवती घट्ट गुंडाळायची आणि कडेवरून पेन्सिल आडवी धरून घासायची, लहानपणी नाण्यावर कागद ठेवून छाप काढायचो तसंच. दोन्ही खाचांचा आकार कागदावर उतरतो. पट्टी सोडून सपाट केली की उभी भिंत कुठे, उतार कुठून कुठे, खोली किती सगळं समोर दिसतं. दोन्ही खाचांपैकी जी कमी झिजली असेल तिचा आकार खरा धरा. उतार साधारण झिजत नाही, तोच तुमचा पुरावा. भिंतीचा खालचा भागही बहुतेक वेळा शाबूत असतो, तिथून पट्टी लावून सरळ वर रेघ मारा. हा आकार पत्र्यावर कापून घ्या, हाच तुमचा टेम्प्लेट. आणि हँडलवर सेंटर पंचने फिरवायच्या दिशेचा बाण ठोकून ठेवा. कॅमशाफ्टवरून चालू होणाऱ्या इंजिनात कॅमशाफ्ट गिअरवर असेल तर हँडल फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या जड चाकाच्या) उलट दिशेने फिरतं, टेबलावर बसून अंदाजाने उतार उलट्या बाजूला काढला तर हँडल धरणारच नाही.

वेल्डिंग तुम्हाला नीट येत नसेल तर येणाऱ्याकडून करून घ्या, पण काय सांगायचं ते तुम्हाला माहीत पाहिजे. झिंक किंवा क्रोमचा मुलामा असेल तर आधी घासून काढायचा, नाहीतर त्याचा धूर छातीत जातो आणि वेल्डिंगही पोकळ होतं. रॉड लो हायड्रोजनचा, ई ७०१८, आणि तो कोरडा हवा, उघड्या पाकिटात महिनोन्महिने पडलेला रॉड ओल धरतो आणि मग वेल्डिंगच्या शेजारी तडे जातात. साधा ई ६०१३ सगळीकडे मिळतो आणि लोक तोच मारतात, पण हँडल मध्यम कार्बन पोलादाचं असेल तर मी तो वापरत नाही. सुरू करण्याआधी नळीचं तोंड गरम करून घ्यायचं, एवढं की पाण्याचा थेंब टाकला तर चर्र करून लगेच उडून जाईल. थर छोटे छोटे, एक थर एका खाचेत, पुढचा समोरच्या खाचेत, प्रत्येक थरानंतर वरचं स्लॅग (वर जमलेली खपली) ठोकून काढायचं. भरायची फक्त उभी भिंत. उताराला हात लावायचा नाही. भिंत मूळ रेघेपेक्षा दीड-दोन मिलिमीटर जास्त भरा म्हणजे कानस मारायला जागा राहते.

झाल्यावर पाण्यात बुडवू नका. कामाची घाई असते, हात लावायचा असतो, बादली शेजारीच असते, तरी नाही. पाण्यात बुडवलं की ती जागा काचेसारखी कडक आणि ठिसूळ होते आणि पहिल्या-दुसऱ्या झटक्यात तुकडा उडतो. कोरड्या राखेत किंवा चुन्याच्या पुडीत गाडून ठेवा आणि विसरून जा, सकाळी काढा. सकाळी कानस लावून बघा, कानस धरत असेल तर उत्तम, नुसती घसरत असेल तर धातू कडक झालाय, गडद लाल होईपर्यंत तापवून पुन्हा राखेत.

आणि हँडलच्या खाचेवर मी हार्डफेसिंगचा (कडक थर चढवायचा) रॉड कधीच मारत नाही. वाटतं की कडक केलं की झिजणार नाही. पण मग झिजणार काय? पिन आणि शाफ्ट. हँडल बदलायला मिनिट लागतं, शाफ्ट बदलायला अख्खं इंजिन खोलावं लागतं. दोघांपैकी झिजायचंच असेल तर हँडलने झिजावं.

कानशीचं काम शांतपणे करा. शिकंज्यात हँडल नळीचं तोंड वर करून धरा, आधी चपट्या कानशीने भिंत आणा, टेम्प्लेट लावत लावत. भिंत शाफ्टच्या अक्षाला अगदी समांतर, सरळ उभी पाहिजे. किंचित बाहेर कलली तर हँडल सटकेल. पण आत कलली, म्हणजे आकड्यासारखी झाली, तर ते जास्त वाईट, कारण आकडा पिनेला धरून ठेवतो. मी सुरुवातीच्या काळात एक हँडल असंच केलं होतं, सटकू नये म्हणून भिंत मुद्दाम थोडी आत घेतली, मनात वाटलं किती छान पकड आली. टेबलावर पिन अशी खटकन बसायची की समाधान वाटायचं. इंजिन चालू केलं, मी हँडल ओढतोय आणि ते येतच नाहीये, हातातली मूठ माझ्यापेक्षा जोरात पळायला लागली, मी सोडून मागे सरलो. दोन-तीन सेकंद ते फिरलं असेल, मग सुटलं आणि शेडच्या पत्र्याला भोक पाडून बाहेर गेलं. त्या बाजूला कोणी उभं नव्हतं एवढंच. तेव्हापासून मी भिंतीला गुण्या लावल्याशिवाय हँडल टेबलावरून उचलत नाही.

भिंत झाली की कोपरा. खाचेच्या तळाला जिथे भिंत आणि तळ मिळतात तिथे धारदार कोपरा ठेवायचा नाही, गोल कानशीने पिनेच्या गोलाईचा कोपरा करा, तडा नेहमी धारदार कोपऱ्यातून सुरू होतो. मग उताराच्या कडेवरची बुरी काढा, उतार बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, बोट फिरवल्यावर कुठेही अडता कामा नये. उतार जिथे संपतो ती वरची कड पण गोल करा.

दोन्ही खाचा सारख्या टेकतात का हे डोळ्यांनी कळत नाही. पिनेच्या दोन्ही टोकांना मार्करची शाई लावा, ओली असतानाच हँडल बसवून डिकॉम्प्रेशन उचललेल्या इंजिनाला थोडा ताण द्या आणि काढा. दोन्ही भिंतींवर डाग आला तर झालं. एकीवरच आला तर तिथलं थोडंसं घासा, पुन्हा शाई, पुन्हा ताण. पाच-सहा वेळा करावं लागतं, कंटाळा येतो, पण २५० आणि ५०० किलोतला फरक इथेच ठरतो.

नळीचं छिद्र मोठं झालं असेल तर बुश, म्हणजे आत बसवायची धातूची छोटी नळी. हँडल शाफ्टवर बसवून मूठ पुढे-मागे हलवून बघा, चांगल्या हँडलला नुसता जाणवेल एवढा खेळ असतो, झिजलेलं डोळ्याला दिसेल इतकं डुगडुगतं. हे काम लेथचंच आहे, घरी ड्रिलने करायला जाऊ नका, छिद्र तिरकं जातं. छिद्र मोठं बोअर करून त्यात माइल्ड स्टील किंवा गनमेटलचा बुश प्रेस करायचा. बोअर केल्यावर बाहेरची भिंत ५ मिलिमीटरपेक्षा कमी उरणार असेल तर मी ते हँडल सोडून देतो. बुश दाबून बसवल्यावर किंचित आक्रसतो म्हणून आतलं फायनल माप बसवल्यानंतरच घ्यायचं, शाफ्टपेक्षा ०.१ ते ०.२ मिलिमीटर मोठं. फार घट्ट फिट केलं तर दिसायला छान पण थोडी धूळ गेली की अडकेल. हँडल आपल्या वजनाने शाफ्टवरून सरकून खाली यावं एवढं सैल हवं. आणि बुश खाचांपर्यंत आणायचा नाही, अलीकडेच थांबवायचा. बुश करायचा असेल तर क्रम असा, आधी वेल्डिंग, मग बुश, मग खाचांची शेवटची कानस, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने बसवलेला बुश ढिला होतो.

मुठीबद्दल थोडक्यात. मूठ म्हणजे दांड्यावर फिरणारा पाइप, आणि तो फिरलाच पाहिजे. न फिरणारी मूठ तळहाताची साल काढते आणि इंजिनाने उलटं मारलं तर हात सुटत नाही. दांडा १६ मिलिमीटरचा असेल तर पाइप आतून १७-१८ चा घ्या, दोन्ही कडा आतून-बाहेरून गोल करा, टोकाला वॉशर लावून तो दांड्याला वेल्ड करा, पाइपला नाही. पकड चांगली यावी म्हणून सायकलची ट्यूब किंवा सुतळी गुंडाळतात ते काढून टाका, गुळगुळीत आणि मोकळी मूठच बरी.

आता टेस्ट, आणि ही डिझेल बंद ठेवूनच. कॉक बंद, स्टॉप लिव्हर बंद वर, डिकॉम्प्रेशन उचललेलं. शाफ्टवर तेलाचा हलका हात फिरवा. हँडल लावा, जोराने फिरवा, फ्लायव्हीलला चांगला वेग आला की हात अचानक थांबवा, मूठ हलकी धरून. फ्लायव्हील आपल्या वेगाने पुढे जाईल, पिन उतारावर चढेल आणि हँडल हातात बाहेर ढकललेलं जाणवेल. तुम्ही ओढायचं नाही, त्याने स्वतः बाहेर यायला हवं. हे दहा वेळा करा. दहापैकी एकदा जरी अडखळलं, टकटक आवाज आला, ओढावं लागलं तर परत टेबलावर, शाई लावा आणि उतारावर कुठे घासतंय ते शोधा. नऊ वेळा नीट सुटलं म्हणून पास करू नका.

मग डिझेलवर. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातला रुमाल, काही नको. जमीन कोरडी आणि पाय पक्के. हँडलच्या फिरण्याच्या रेषेत कोणालाही उभं करू नका, समोरही नाही मागेही नाही, लहान मुलांना तर शेडच्या बाहेरच. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीला वेढा घालायचा नाही. डिझेल इंजिनात कम्प्रेशन १६-१८ पट असतं आणि इंधन पिस्टन वर पोहोचायच्या आधीच फवारलं जातं, तेव्हा फिरवताना वेग कमी पडला तर पिस्टन अर्ध्यातून उलटा फेकला जातो आणि हँडल मागे येतं. अंगठा वेढलेला असेल तर तो जोर सरळ मनगटात. हाताने चालू करायच्या मोटारींच्या जमान्यात ही दुखापत इतकी व्हायची की मनगटाजवळच्या हाडाच्या एका प्रकारच्या फ्रॅक्चरला डॉक्टर लोक आजही शोफर फ्रॅक्चर म्हणतात, आणि कॅडिलॅकने १९१२ च्या मॉडेलमध्ये विजेचा स्टार्टर दिला तेव्हा ही हँडलची कटकट जाणं हाच त्याचा मोठा फायदा होता. आपल्या इंजिनाला तो स्टार्टर नाहीये, म्हणून अंगठा.

डिकॉम्प्रेशन उचलून पूर्ण वेग द्या, वेग आला की लिव्हर सोडा, आणि इंजिन पेटल्याचा पहिला ठोका ऐकला की हँडल सरळ बाहेर. मध्येच दमलात तर थांबा, लिव्हर परत उचला, अर्ध्या वेगात कम्प्रेशन पार करायचा प्रयत्न करू नका, उलटा झटका तिथेच बसतो.

आणि समजा एवढं करूनही हँडल अडकलं आणि इंजिनासोबत फिरायला लागलं, तर पकडायला जायचं नाही, काठीने अडवायला पण नाही. लगेच त्याच्या रेषेतून बाजूला व्हा, इंजिनाला लांबून वळसा घालून दुसऱ्या बाजूने स्टॉप लिव्हर ओढा किंवा डिझेल बंद करा. लिव्हरपर्यंत पोहोचायला हँडलच्या जवळून जावं लागत असेल तर जाऊ नका, टाकीचा कॉक लांब असेल तर तो बंद करून पाइपमधलं डिझेल संपेपर्यंत बाहेर थांबा. पूर्ण थांबल्यावरच हात लावायचा. स्टॉप लिव्हरला एक तार बांधून ती हँडलच्या विरुद्ध बाजूला काढून ठेवली तर हे काम फार सोपं होतं, मी आता दुरुस्तीसोबतच ही तार लावून देतो, पाच मिनिटांचं काम आहे.

रोजच्या वापरात हँडल शाफ्टवर लटकवून ठेवू नका, भिंतीवर खिळ्याला अडकवा. शाफ्टवर ग्रीस नको, त्याला धूळ चिकटून पॉलिश पेपर तयार होतो, आठवड्यातून एकदा तेलाचं फडकं पुरतं. आणि महिन्यातून एकदा ती डिझेल बंद ठेवून करायची टेस्ट परत करा, दोन्ही खाचांवरून बोट फिरवा, बुरी लागली तर तेव्हाच कानस मारा.